संध्याकाळचा धागा

मांडीवर कोसा वळायचा असेल तर पाय पडलेल्या ओंडक्यासारखा स्वस्थ लागतो. रानरेशमाचे, राखेच्या पाण्यात उकळलेले चार-पाच कोसे गाडग्यात ठेवायचे, त्यांचे तंतू एकत्र ओढायचे, उघड्या मांडीवर उजव्या तळहाताने पीळ द्यायचा आणि डाव्या हातातल्या लाकडी फिरकीवर तो धागा चढवायचा. मांडी जरा हलली की पीळ सुटतो. पीळ सुटला की तिथे धागा फुगतो, नाहीतर तुटतो. हे काम मला आईने शिकवलं. लग्न होऊन मी आरमोरीजवळच्या ढिवरांच्या गावात आले, तेव्हा माझ्याइतका बारीक धागा तिथे कोणी वळत नव्हतं.

मी सांगते ते आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षाचं. गडचिरोली तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच. घरात आम्ही चौघं. माझे मालक शालिकराम, सासू ताराबाई, मी आणि दीड वर्षांची लेक. मालक तळ्यात मासोळी धरायचे आणि पावसाळ्याच्या शेवटी रानात जाऊन येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे राखायचे. धाकटा दीर इसरू आरमोरीला मोटार स्टँडवर चहाच्या टपरीत कामाला लागला होता आणि तिथेच राहायचा.

त्या वर्षी चैत-वैशाखापासून माझ्या पायांना काहीतरी झालं. दुखणं म्हणावं तर दुखत नव्हतं. मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्या कातडीवर येतात, आणि हे आत होतं, पोटरीच्या मांसात खोल, जिथे खाजवता येत नाही. दिवस कलल्यावर मी धागा वळायला बसले की आत काहीतरी सरपटायला लागायचं. पाय ताणला की पळभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या की थांबायचं, बसले की परत यायचं. अंथरुणावर पडल्यावरही तेच. सकाळी मात्र पाय अगदी शहाणे. पण सकाळी मला वळायला वेळ कुठला? मालकांनी आणलेली मासोळी गावात विकायची, धान कांडायचं, पाणी भरायचं. एखाद्या सकाळी घटकाभर वळलं तर वळलं. खरं वळायचं काम तिसऱ्या प्रहरानंतर, ते पार दिवे लागेपर्यंत.

आमचे कोसे आरमोरीचे भैयाजी कोष्टी घ्यायचे आणि वळायलाही तेच परत द्यायचे. पौषात मी धागा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फिरकीवरचा धागा दोन बोटांत धरला आणि ओढत गेले. ओढता ओढता थांबले.

"गिरजाबाई, घरी वळनाऱ्या दोघी झाल्या का?"

"नाई जी. मी एकटीच."

"मंग हे पाह्य. इथवर केसावानी धागा. अन् इथून पुढं? सुंभ वळलं का बाई तू?"

ओसरीवर बसलेल्या बाया हसल्या. त्यांत आमच्या गावची चंदाबाई होती. तीही वळायचं काम करायची.

"तो सकाळचा जी," मी म्हणाले, "अन् हा संध्याकाळचा."

"संध्याकाळी काय होते? नवरा चिमटे घेते का?"

"पाय बसू देत नाई."

मी ते अशा आवाजात बोलले असेन की भैयाजींनी थट्टा सोडली. फिरकी खाली ठेवली.

"हे पाह्य बाई. लुगड्याच्या काठाले दोन जातीचा धागा चालत नाई. तुह्या सकाळच्या धाग्यासाठी मी शिमग्यापर्यंत थांबतो. तोवर संध्याकाळचा तसाच झाला तर चांगले कोसे तुहे. नाई झाला तर ते चंदाबाईकडे जातीन. तुले मी फुटके देईन, जाड्या सुताचे."

फुटक्या कोशांवर आमचं घर चालणार नव्हतं. मालकांनी आधीच बोलून ठेवलं होतं की धाग्याचं काम गेलं तर दोघांनी आलापल्लीकडे जंगलातल्या कूपावर बांबू तोडायला जायचं. सहा महिने तिकडेच झोपडी टाकून राहायचं आणि लेक सासूजवळ ठेवायची. कूपावर गेलेल्या बायांची लेकरं मी पाहिली होती. आई परत आली की ती आजीच्या लुगड्याआड लपतात आणि तिथून आईकडे पाहतात.

म्हणून शिमग्याच्या आत मला माझे पाय बसवायचे होते.

सासूला मी आत्या म्हणायची. आत्या बोलायला कडक. सून तिच्यासमोर रिकामी बसलेली तिला खपत नसे आणि आजारी पडलेली तर मुळीच नाही. पण तिच्या कडकपणात एक मऊ जागा होती. इसरू बाजाराच्या दिवशी आला की चहाच्या भुकटीची पुडी आणायचा. आत्या दिवस मावळताना गूळ घालून कोरा चहा करायची. इतका उकळायची की पेल्याचा तळ दिसत नसे. आणि तो पहिला पेला मला. तिच्या लेकाला नंतर, तिला स्वतःला सगळ्यांत शेवटी.

"घे. अंगात जोर येईन. बसशील दोन घटका."

पाय बिघडले तसं तिने चहा आणखी उकळायला सुरुवात केली. मग दुसरा पेलाही द्यायला लागली. मोहाच्या बियांचं तेल माझ्या पोटऱ्यांना चोळायची, आणि चोळता चोळता शिव्या द्यायची.

"आजकालच्या पोरींच्या हाडात काई नाई. मी तुह्या वयात डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन देसाईगंज गाठत होती."

"मले चालाले सांगा ना आत्या. चालाले माहे पाय एका पायावर तयार आहेत. बसाले नाई म्हनतात."

"चूप बस. बसाले नाई म्हनतात म्हने!"

भैयाजींकडून आल्यावर मी आठवायला बसले की हे पाय कधी थांबले होते का. आणि थांबले होते! भाद्रपद-आश्विनात, व्रताच्या दिवसांत.

कोशाचे किडे झाडावर असतात तेव्हा आमच्यात व्रत पाळतात. राखणारा माणूस रानात झोपडीत राहतो, दाढी करत नाही, जमिनीवर झोपतो. त्याचा डबा करणारी बाईही तेच नेम पाळते. घरात मासोळी शिजत नाही, हळद बंद, तेल बंद. भात, मीठ आणि रानातली उकडलेली भाजी, एवढंच. नेम मोडला तर किडे मरतात असं जुनी माणसं सांगत. त्या दीड-दोन महिन्यांत मी संध्याकाळी ओसरीवर तळ्याचं फाटकं जाळं विणत बसायची आणि पाय गप्प. तेव्हा कामाच्या गडबडीत ते ध्यानात आलं नव्हतं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा घरात देव होता ना."

"मंग आता देव कुठी गेला?"

"त्याचं काम झालं, गेला. तो काय तुह्या पोटऱ्या दाबत बसते?"

देवाचं मला माहीत नव्हतं. पण व्रतात आमचं ताट बदलतं, हे मला पक्कं माहीत होतं, कारण ते ताट मीच वाढत होते. पाय बिघडवणारी वस्तू ताटातच असली पाहिजे. एकेक वस्तू सोडून पाहायची असं मी ठरवलं.

पहिली सोडली मासोळी. ताटातली सगळ्यांत मोठी वस्तू तीच.

"काय म्हनतेस?" आत्याने चुलीपुढून मान वळवली. "ढिवराची सून अन् मासोळी नको? लोक म्हनतीन शालिकरामानं पंडिताची पोरगी पळवून आनली."

"पंधरा दिवस आत्या. पाहून घेतो."

"अन् गावात विकाले जाशील तेव्हा काय सांगशील? ताजी आहे बाई, पन मी खात नाई? कोन घेईन तुही मासोळी?"

तेच झालं. बातमी फुटली आणि बाया टोपलीत नाक घालून मासोळीचे कल्ले उघडून पाहायला लागल्या. तरी मी पंधरा दिवस काढले. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, लिहून ठेवायची सोय नव्हती. पण धागा होता. रोज संध्याकाळी वळलेल्या धाग्याची वेगळी लडी करून तिला मी चिंधी बांधून ठेवायची, मासोळी नसलेल्या दिवसांना निळी चिंधी. पंधराव्या दिवशी सगळ्या लड्या मांडल्या. सगळ्या सारख्याच, फुगीर आणि गाठाळ. मासोळीचा काही दोष नव्हता. त्या दिवशी मी दोन वाट्या रस्सा प्यायले आणि आत्या माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली.

मग हळद सोडली. त्या लड्यांना पिवळी चिंधी. आठ दिवस. काही नाही. मग तेल सोडलं. काही नाही. आत्या माझ्यासाठी वेगळी भाजी काढायची, वैतागायची आणि वैतागून चहा आणखी दाट करायची. "काई खात नाई पोरगी. चहा तरी पी." मी प्यायची आणि अंगणात फेऱ्या मारायची. फेऱ्यांनी अंगणात पायवाट पडली होती. चंदाबाई कुंपणावरून विचारायची, "काय वो गिरजा, धान मळून राह्यली का बैलाबिगर?"

माघ लागून आठवडा झाला. शिमग्याला सव्वा महिना उरला.

तेवढ्यात माझा भाऊ लच्छूचं लग्न निघालं. माझं माहेर कुरखेड्याच्या पलीकडे, नदीकाठी. मोटार तिकडे जात नव्हती. लेकीला घेऊन मी बैलबंडीने गेले आणि सहा दिवस राहिले. लग्नघरात पथ्य कोण पाळणार? नदीची मासोळी खाल्ली, तेलात तळलेले वडे खाल्ले, नवरदेवाची हळद अंगभर माखली. पहिले दोन दिवस डोकं जड होतं. वाटलं, लग्नाची धावपळ आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "गाडग्यात कोसे आहेत, बस जरा माह्याजवळ." मी भीत भीत बसले. पोटरीत जरासं चाळवलं आणि राहिलं. चौथ्या दिवशी तेवढंही नाही. पाचव्या दिवशी मी दिवे लागेपर्यंत बसले होते आणि धागा एकदाही तुटला नाही.

आईला मी सगळं सांगितलं. लच्छू हळदीच्या अंगाने तिथेच बसला होता. तो म्हणाला, "मंग काय राह्यलं आता? तुले सासू लागली वो बाई! तिचाच उतारा काढ. नारळ मी आनून देतो."

सगळे हसले. मीही हसले. पण परतताना बंडीत ते हसू माझ्या डोक्यातून जाईना. मासोळी खाल्ली, तेल खाल्लं, हळद खाल्ली, तरी पाय शांत. म्हणजे ताटात काही नव्हतंच. मग राहिलं काय? सासरची जमीन? ते अंगण? आत्या? जी बाई माझ्या पायांना तेल चोळते तिच्याबद्दल असा विचार मनात आला म्हणून मला स्वतःची लाज वाटली. पण विचार आला, हे खरं.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आत्याने लेकीला खाली उतरवून घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "उतरली पार. माहेरी काई देत नव्हते का?" आणि मी हातपाय धुवेपर्यंत पेला समोर आणला. "घे. सहा दिवसांचा आजच पी."

गोड, कडू, गरम. मला तो चहा फार आवडायचा, हेही सांगितलं पाहिजे. मी दोन पेले घेतले. मग गाडगं ओढून वळायला बसले, माहेरचा हात घेऊन. थोड्या वेळाने पोटरीत सरपटायला लागलं. तीन दिवस नव्हतं म्हणून ते आता अनोळखी पाहुण्यासारखं ठसठशीत कळलं.

रिकामा पेला गाडग्याजवळ पडला होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. माहेरी काय काय खाल्लं ते मी बंडीत बसून मोजलं होतं. काय प्यायले नव्हते ते मोजलं नव्हतं. माझ्या माहेरच्या गावात तेव्हा चहा पोचलाच नव्हता. आणि व्रतात? व्रत सुरू झालं त्या दिवशी आत्याने पुडी फडक्यात बांधून आढ्याला टांगली होती. चहा वर्ज्य होता म्हणून नाही. स्टँडवरच्या दहा हातांतून आलेली वस्तू व्रताच्या घरात नको म्हणून. आणि पाय कधीपासून बिघडले? चैत-वैशाखापासून. इसरू टपरीवर चैतात लागला होता.

आम्ही चहाला खाण्यात धरतच नव्हतो. एकादशीलाही तो चालायचा. तो म्हणजे पाण्यासारखा, नाहीतर औषधासारखा. मी ताट धुंडाळत बसले होते आणि तो ताटाच्या बाहेर पेल्यात होता.

आता खरी अडचण पुढे होती. मासोळी सोडणं सोपं होतं, ती तळ्याची. चहा आत्याचा होता. तिला कसं सांगायचं की तू जो पहिला पेला मला देतेस त्यानेच माझे पाय नाचतात? आणि माझं चुकत असलं तर? आधी पाहून घ्यावं, मग बोलावं, असं मी ठरवलं. चांगलं केलं नाही, पण तसं केलं.

दुसऱ्या दिवसापासून पेला घ्यायचा, लेकीला पाहायचं निमित्त करून मागच्या वाडीत जायचं, आणि वालाच्या वेलाच्या बुडाशी ओतायचा. दोन दिवस डोकं दुखलं, माहेरी दुखलं होतं तसंच. तेव्हा मला कळलं की ती लग्नाची धावपळ नव्हती. चौथ्या दिवशी सरपटणं कमी झालं. आठव्या दिवशी मी दिवे लागेपर्यंत बसले आणि धागा सकाळसारखा उतरला. माझे डोळे भरून आले. आत्या चुलीपुढून पाहत होती.

"बसली ना?" ती म्हणाली. "सांगत नव्हती का मी? माहा चहा लागू पडला."

मी मान खाली घालून वळत राहिले. तिने विहिरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. "मासोळी सोडते, हळद सोडते, हे सोडते, ते सोडते. शेवटी कायनं उभी राह्यली? चहानं. दाट करून पाजा लागते." चंदाबाईने घरी जाऊन आपल्या सुनेला चहा पाजला, तिचे पाय चांगले असूनही. आणि आत्याने मला तिसरा पेला सुरू केला. वालाच्या वेलाला दिवसातून तीनदा चहा मिळायला लागला.

ओतायला लागून असे बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी मी वेलापाशी वाकले होते आणि मागून आवाज आला.

"गिरजे."

पेला अर्धा ओतून झाला होता.

आत्या होती. तिने भिजलेल्या मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किती दिवसांपासून?"

"माहेराहून आल्यापासून."

"माह्या हातचं ओततेस?"

ती घरात गेली आणि चुलीकडे पाठ करून बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं. व्रतातलं, माहेरचं, आढ्याला टांगलेल्या पुडीचं. चिंध्या बांधलेल्या लड्या तिच्यापुढे ठेवल्या. बारा दिवसांच्या नव्या लड्याही ठेवल्या. तिने त्यांना हात लावला नाही.

"सारे पेतात," ती म्हणाली. "शालिक पेते, मी पेतो, इसरू दिवसाले वीस पेले पेते. त्याचे पाय नाई नाचत. तुलेच काऊन?"

"झिंगे सारेच खातात आत्या. तुमच्याच ओठाले खाज सुटते."

तिचा हात ओठांकडे गेला. झिंगे खाऊन तिचे ओठ सुजले होते ते अख्ख्या गावाने पाहिलं होतं.

"हे खोटं असन तर?" ती म्हणाली.

"खोटं का खरं ते तुमीच पाहा. आज तुमच्या हातचा पितो. तीन पेले. तुमी माह्या पायाजवळ बसा."

तिने चहा केला. नेहमीसारखाच, तळ न दिसणारा. मी तिच्यासमोर तीनही पेले घेतले आणि वळायला बसले. ती माझ्या उजव्या बाजूला बसली आणि हात माझ्या पोटरीवर ठेवला. लेक अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. बराच वेळ काही झालं नाही. धागा सरळ उतरत होता आणि आत्याच्या चेहऱ्यावर जरा जरा हुशारी यायला लागली होती. मलाही वाटायला लागलं की मी चुकले. मनातून वाटलं, चुकलेली बरी.

मग आत सरपटायला लागलं. पाय दाबून धरला, जितका धरता येईल तितका. पोटरी तिच्या हाताखाली आपोआप उडाली आणि धागा तुटला.

"हे काय वो?" आत्याने हात काढला नाही.

"हेच."

पाय पुन्हा उडाला. मग पुन्हा. तिने दुसराही हात ठेवला, दोन्ही हातांनी पोटरी धरली, जाळ्यातली मोठी मासोळी धरावी तशी. तरी ती हलायचीच.

"तू हालवून राह्यली नाईस?"

"नाई आत्या."

बाहेर अंधारलं होतं. आत्या तशीच धरून बसली होती. "चैतापासून," ती म्हणाली, "चैतापासून मीच तुले..."

"तुमाले कसं कळन? पाय माहे, तरी मले कळलं नाई."

"मंग सांगाचं होतं. वेलाले काऊन?"

"तुमी रोज एवढ्या मायेनं द्यायच्या..."

"माया अशी वेलाच्या बुडाशी घालतेत?" ती म्हणाली. रागावली होती आणि डोळे पुसत होती. मग उठली, माझा हात धरून मला उठवलं. "चाल. बसून जानार नाई ते. चालल्यानं जाते म्हनतेस ना?"

आम्ही दोघी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. मालक जाळं टाकून घरी आले, तर सासू-सुना हातात हात घालून अंधारात चालताहेत. ते दारात थांबले. "आता तुले बी लागलं का माय?"

"जेवाचं वाढलेलं आहे," आत्या म्हणाली. "आपलं आपलं घेऊन खा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळेला तिने माझ्यापुढे तांदळाची पेज ठेवली, मीठ घातलेली, गरम. पहिला पेला माझा, हा तिचा नेम तिने मोडला नाही. चार-पाच दिवसांत पाय पुन्हा शांत झाले. शिमग्याला दहा दिवस राहिले होते. त्या दहा दिवसांत मी जेवढं वळता येईल तेवढं वळलं, सकाळचं आणि संध्याकाळचं एकाच फिरकीवर.

आरमोरीला आत्या माझ्यासोबत आली, लेकीला कडेवर घेऊन. भैयाजींनी धागा बोटांत धरला. ओढत गेले. एक हात, दोन हात, दहा हात. ओसरीवरच्या बाया बघत होत्या. कुठे थांबावं असं भैयाजींना काही सापडेना. शेवटी त्यांनी फिरकी मांडीवर ठेवली, आतून चांगल्या कोशांची टोपली मागवली आणि माझ्यापुढे सरकवली.

"पायाले काय केलं?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत आत्या म्हणाली, "काई नाई जी. माहीच चूक होती, सुधारली." तिच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलं. दुसरं कधी ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही कूपावर गेलो नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. पायांचं ते पार गेलं असं नाही. दुसऱ्या लेकराच्या वेळी महिनाभर आलं होतं, तेव्हा चहाचा थेंब नव्हता पोटात. कुणाकडे आग्रहाने संध्याकाळी पेला घ्यावा लागला तर अजूनही येतं. सकाळी अर्धा पेला चालतो. चंदाबाईला मी हे सगळं सांगितलं होतं. तिची सून मात्र चहा सोडायला तयार झाली नाही. तिला गोडी लागली होती.

त्या दिवशी भैयाजींकडून निघाल्यावर आम्ही मोटार स्टँडवरून आलो. इसरूने आम्हाला पाहिलं आणि लांबूनच दोन पेले भरले.

"वैनी, घ्या."

"तिले नाई," आत्या म्हणाली. लेकीला तिने माझ्याकडे दिलं आणि दोन्ही पेले स्वतःपुढे ओढले. एक संपवला, दुसरा उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गूळ नाई टाकत का गा तू? असा पाजतेस लोकाईले?"

"साखर आहे माय. स्टँडवर गूळ कोन पेते?"

आत्याने दुसराही पेला संपवला. मी टोपली डोक्यावर घेतली आणि आम्ही गावाकडे निघालो. तिसरा प्रहर व्हायचा होता. घरी जाऊन कोसे उकळायला ठेवले तर दिवे लागायच्या आधी मला बराच वेळ बसता येणार होतं.